वाचलेल्यांत जमा

"नशीब समजा, वाचले," असं कुणी म्हटलं की वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि म्हणायचे तर सगळेच. दूधवाला म्हणायचा, शेजारीण म्हणायची, लाँचकंपनीचा माणूस तर पायरी चढता चढताच म्हणायचा. एकजण म्हणून गेला, जिवावरचं शेपटावर निभावलं. वहिनींनी त्याला दारातच विचारलं, शेपटाचं काय झालंय ते जरा आत येऊन बघता का? तो आला नाही. बघायला कुणी येतच नव्हतं, सगळे आपले म्हणायला येत होते.

वहिनींचे यजमान न्हावी. धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर घर, घराच्या पुढच्या खोलीत दुकान. एक खुर्ची, एक मोठा आरसा, भिंतीला टांगलेला चामड्याचा पट्टा आणि फळीवर तुरटीचा खडा. सगळा गाव त्यांना मखमलभाऊ म्हणायचा, कारण वस्तरा गालावर आहे की नाही हेच कळायचं नाही. गिऱ्हाईक खुर्चीत घोरायला लागायचं आणि भाऊ त्याला न उठवता दाढी पुरी करायचे. वहिनी म्हणायच्या, माणूस मान मोकळी सोडून झोपतो म्हणजे केवढा भरवसा, एवढा तर लोक सख्ख्या भावावर ठेवत नाहीत. भाऊंनी जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. त्यांच्या वाट्याचं भांडणही वहिनीच भांडायच्या, आणि दोघांचं त्यात बरं चाललं होतं.

पलीकडच्या काठावर एक जुनं गिऱ्हाईक अंथरुणाला खिळलेलं होतं. त्याची दाढी करून भाऊ लाँचनं परत येत होते. लाँच दुमजली. वरच्या मजल्यावर किती माणसं घ्यायची याची पाटी होती, पण पाटी वाचून माणसं खाली ठेवली तर कंपनीचं पोट कसं भरणार? वर माणूस मावतोय तोवर तिकीट फाडायचं, हा नियम. धक्क्याकडे वळताना लाँच जी एका अंगावर कलली ती सरळ झालीच नाही. भाऊ खालच्या केबिनमध्ये होते. पाण्याच्या दाबानं दार उघडेना. कोळ्यांनी खिडकीची काच फोडून त्यांना ओढून काढलं तेव्हा श्वास बंद होता. एका कोळ्यानं तोंडाला तोंड लावून श्वास भरला, छाती दाबत राहिला, आजूबाजूचे सोडून दे म्हणत होते तरी दाबत राहिला. म्हणून भाऊ वाचलेल्यांत जमा झाले.

कंपनीनं चौकशीत सांगितलं, की प्रवासी एकाएकी एका बाजूला धावले. म्हणजे बुडालेल्यांनीच लाँच बुडवली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. लाँच वर काढली, पंपानं पाणी उपसलं, निळ्याची पांढरी केली, पुढचं नाव खरवडून दुसरं नाव लिहिलं आणि बघता बघता ती त्याच फेरीवर पुन्हा सुरूही झाली. माणसांना असं रंगवून परत पाण्यात सोडता येत नाही, एवढीच काय ती कंपनीची अडचण.

दवाखान्यात भाऊ शुद्धीवर आले, त्यांनी वहिनींना ओळखलं आणि "दुकानाला कुलूप लावलंस ना?" असं विचारलं. वहिनी त्या दिवशी पोटभर रडल्या, सुखानं. मग नर्सनं पाण्याचा पेला पुढे केला, भाऊंनी तो घ्यायला हात उचलला, आणि हात असा उसळला की पेला जाऊन भिंतीवर आदळला. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा तो हात नाचला. भाऊ हाताकडे बघत राहिले, जणू दुसऱ्या कुणाचा आहे.

डॉक्टरांनी वहिनींना समजेल असं सांगितलं. मेंदूला बराच वेळ हवा मिळाली नाही, त्याची ही खूण. हात मांडीवर पडून असेल तोवर काही नाही. हातानं काही करायचं मनात आलं, की झटका. जितकं काम नाजूक तितका झटका मोठा. गोळ्यांनी कमी होईल, रोजच्या व्यायामानं आणखी कमी होईल, पण दम धरायला हवा, आणि गोळ्या मध्येच तोडल्या तर फिट येऊ शकते. गोळ्या आणि व्यायाम दोन्ही कंपनीच्या खर्चानं चालू झाले, आणि खरंच, हळूहळू फरक पडू लागला. आधी भाऊंना भाकरीचा तुकडाही तोंडापर्यंत नेता येत नव्हता, आता चार घासांतले दोन तोंडात जायचे.

पण हे कळणार कुणाला? भाऊ दिवसभर दुकानात खुर्चीत बसून असत, हात मांडीवर. येणारा-जाणारा डोकावून म्हणायचा, अरे, अगदी पहिल्यासारखे दिसता की. भाऊ हसून म्हणायचे, झकास, डॉक्टरांनी थोडे दिवस आराम सांगितलाय. कुणी चहा पुढे केला तर आत्ताच घेतला म्हणायचे. जेवायचे ते आतल्या खोलीत, दार लावून, निम्मे घास वहिनींच्या हातानं. वहिनी चिडायच्या, की अहो, लोकांना दाखवा तरी काय झालंय ते. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, झाकली मूठ सव्वा लाखाची, उगाच बोभाटा कशाला? आणि भाऊ म्हणायचे, "अगं, न्हाव्याचा हात थरथरतो, असं एकदा झालं की संपलं. मग हात बरा झाला तरी मान कोण देणार माझ्या हातात?"

यावर वहिनी भांडी जोरात घासायच्या.

कंपनीच्या त्या माणसाला वहिनींनी नाव ठेवलं होतं सुरळीत. कारण काहीही विचारा, तो म्हणायचा, सगळं सुरळीत आहे. गोरापान, इस्त्रीचा सदरा, गाल असे घोटलेले की माशी घसरावी. एक दिवस तो आला आणि म्हणाला, की आता कंपनीचे डॉक्टर एकदा तपासतील. काम करायला योग्य ठरले तर फाइल बंद, मग गोळ्या आणि व्यायाम तुमचं तुम्ही बघायचं. वहिनींनी विचारलं, आणि योग्य नाही ठरले तर? तो म्हणाला, तर चालू राहील, पण आनंदाची गोष्ट आहे वहिनी, मी परवाच रस्त्यावरून जाताना बघितलं, भाऊ ठणठणीत बसले होते.

तो गेल्यावर वहिनी भाऊंच्या समोर स्टूल ओढून बसल्या. त्या गोळ्या त्यांच्या ऐपतीच्या बाहेरच्या होत्या, हे दोघांनाही ठाऊक होतं. एकच करा म्हणाल्या, डॉक्टरांसमोर पेला उचला. बाकी काही बोलू नका, रडगाणं गाऊ नका, फक्त पेला उचला, पुढचं तो पेलाच सांगेल. भाऊ बरं म्हणाले. जन्मभर ज्या माणसानं बरं म्हटलं की ते झालंच, त्याच्या 'बरं'वर वहिनींनी विश्वास ठेवला. इथंच त्या फसल्या.

कंपनीचं ऑफिस धक्क्यावरच, तिकीटखिडक्यांच्या वरच्या मजल्यावर. लोखंडी जिना, मग एक लांब खोली. खोलीत काचेच्या पेटीत लाँचचा छोटा नमुना ठेवलेला, त्याच्या वरच्या मजल्यावर इवली इवली माणसं, ऐसपैस अंतर ठेवून उभी. ते बघूनच वहिनींचं डोकं सणकलं. डॉक्टर तरुण होता, चष्म्यातून थकलेल्या डोळ्यांनी बघणारा. बाजूच्या खुर्चीत सुरळीत पाय हलवत बसलेला.

डॉक्टरनं भाऊंना नाव विचारलं, वार विचारला, डोळ्यांत बॅटरी मारली, माझी बोटं दाबा म्हणाला. भाऊंनी दाबली. टेबलावर पेला होता. डॉक्टर म्हणाला, पाणी प्या. भाऊंनी हात उचलला, सावकाश, पेला धरला, ओठांपर्यंत नेला, प्यायले आणि खाली ठेवला. टेबलावर दोन थेंब सांडले असतील नसतील.

वहिनींना आनंद व्हावा तर तो होईना. काल रात्री ज्या हातानं आमटीची वाटी उडाली तो हात आज पेला उचलतो? त्यांनी भाऊंकडे नीट बघितलं. पापण्या जड, जीभ जड, खालचा ओठ लोंबलेला. सुरळीत म्हणत होता, डॉक्टरसाहेब, मी म्हटलं नव्हतं? सगळं सुरळीत आहे. डॉक्टरनं पेनाचं टोपण काढलं.

वहिनींनी पिशवी उघडली. दुपारची गोळी चुकू नये म्हणून त्या पाकीट बरोबर ठेवायच्या. पाकीट बाहेर काढलं तर त्यातली आजची, उद्याची आणि परवाची, सगळी घरं फोडलेली. मागे नुसता चांदीचा कागद.

"किती खाल्ल्यात?" त्यांनी विचारलं.

भाऊ हसले. दारू प्यायलेला माणूस हसतो तसं, सैल. म्हणाले, "सगळ्या. बघ ना, ऐकतोय हात."

वहिनींनी ते पाकीट डॉक्टरच्या कागदावर आपटलं. ह्या माणसानं तुम्हाला बरा दिसावा म्हणून तीन दिवसांचं औषध एका सकाळी गिळलंय, म्हणाल्या, आणि तुम्ही त्या औषधाच्या जोरावर ते औषध बंद करायला निघालात. डॉक्टर ताडकन उठला, त्यानं भाऊंची नाडी धरली, परत डोळे तपासले, झोप येतेय का, श्वासाला त्रास होतोय का, विचारलं. सुरळीत मात्र जागचा हलला नाही. तो म्हणाला, वहिनी, म्हणजे औषधानं हात थांबतो, हे तुम्हीच सिद्ध केलंत. मग हरकत काय? माणूस काम करू शकतो.

उचलली जीभ लावली टाळ्याला. वहिनी अशा काही बोलणार होत्या की त्या लोखंडी जिन्याला गंज चढला असता. पण त्यांच्या आधी भाऊ बोलले.

"साहेब बरोबर बोलतात," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून वस्तरा काढला. घरून घेऊन आले होते. कुणाला न सांगता, रुमालात गुंडाळून. "आज हात ऐकतोय. साहेब, बसा सरळ. माझ्या हातची दाढी एकदा बघा तरी."

त्यांनी वस्तरा उघडला आणि उभे राहिले. चेहऱ्यावर असा उजेड होता, की वहिनींना तो बघवेना. भाऊंना खरंच वाटत होतं, की आज परत आपण मखमल झालो. ते एक पाऊल पुढे आले.

सुरळीत खुर्चीसकट मागे सरकला. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. त्याचा एक हात आपोआप गळ्यावर गेला आणि दुसरा हात पुढे आला, भुंकणाऱ्या कुत्र्याला थांबवावं तसा. "नको नको," तो म्हणाला, "दूर राहा."

भाऊ थांबले. त्यांनी त्याच्या गळ्यावरच्या हाताकडे बघितलं. इतकी वर्षं गळे त्यांच्यासमोर आपणहून उघडे झाले होते, आणि हा पहिला गळा होता जो त्यांना बघून झाकला गेला. त्यांनी वस्तरा मिटायला बोट उचललं, आणि मग झटका आला. गोळ्या गोळ्यांच्या जागी राहिल्या. हात उसळला, पात्याची धार डाव्या अंगठ्याला लागली, वस्तरा फरशीवर पडला. रक्त फार नव्हतं. पण भाऊ अंगठा धरायला जात तर दुसरा हात उडे, तो सावरायला जात तर पहिला उडे, आणि दोन्ही हात त्यांच्या देहासमोर नुसते नाचत राहिले. वहिनींनी ते दोन्ही हात आपल्या काखेत दाबून धरले, तेव्हा थांबले.

डॉक्टरनं वस्तरा उचलला, मिटला, वहिनींच्या पिशवीत घातला. अंगठ्याला पट्टी बांधली. मग सुरळीतकडे न बघता म्हणाला, "तुम्ही खुर्चीत बसून राहिला असतात, तर हे काम करू शकतात असं मी लिहिलं असतं."

आणि त्यानं लिहिलं ते उलट लिहिलं. औषध चालू, व्यायाम चालू. सुरळीत काही पुटपुटला, डॉक्टरनं ऐकलं नाही. गोळ्यांचा भर उतरेपर्यंत डॉक्टरनं भाऊंना शेजारच्या खोलीत बाकावर निजवून ठेवलं, मधून मधून स्वतः येऊन नाडी बघितली, आणि उन्हं उतरल्यावर दोन दिवसांच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते वहिनींना समजावून घरी सोडलं.

वहिनी जिंकल्या होत्या. जे मागायला आल्या ते मिळालं. तरी त्यांचा राग इंचभर खाली आला नव्हता, उलट तो आता कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. कंपनीवर, सुरळीतवर, चोरून गोळ्या गिळणाऱ्या ह्या नवऱ्यावर, की भांडून भांडून त्याला त्या खोलीत आणून उभं करणाऱ्या स्वतःवर? लोखंडी जिना उतरताना भाऊ मध्येच थांबले.

"तू बसली असतीस?" त्यांनी विचारलं. "माझ्या वस्तऱ्याखाली. आज."

वहिनींना खोटं बोलता आलं असतं. नवऱ्याशी गोड खोटं बोलायला बायकोला काय लागतं? पण आज सकाळपासून खोट्यानं पुरेसं नुकसान केलं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या.

भाऊंनी मान हलवली. रडतील असं वहिनींना वाटलं, म्हणून त्यांनी पदर सावरला. भाऊ रडले नाहीत. ते उरलेल्या पायऱ्या उतरले आणि घराच्या रस्त्याला लागायच्या ऐवजी धक्क्यावर उभे राहिले.

संध्याकाळची फेरी भरत होती. तीच लाँच, पांढरी. खालची केबिन भरली होती आणि तिकीटवाला माणसांना वरच्या मजल्यावर पाठवत होता, चला चला, पुढे सरका, जागा आहे. वरची माणसं कठड्याला चिकटून उभी, बायका, सामान, कडेवरची पोरं. आणखी दहा-बारा शिडीवर. लाँच एका अंगाला जराशी झुकलेली होती, जराशीच, बघणाऱ्यालाच दिसावी एवढी.

"उतरवा," भाऊ म्हणाले.

तिकीटवाल्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. भाऊ शिडीपाशी गेले आणि त्यांनी जो आवाज काढला तो वहिनींनी लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता. असा आवाज त्या घरात आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. "वरची माणसं खाली उतरव आधी!" भाऊ ओरडले, आणि ओरडताना त्यांनी हात वर केला. हात अर्थातच उसळला. तिकीटवाल्याची टोपी उडून पाण्यात गेली. शिडीवरची माणसं वळून बघू लागली. भाऊंनी दुसरा हात वर केला, तोही नाचू लागला, पट्टी बांधलेला अंगठा हवेत भलतीकडेच फिरत होता, आणि भाऊंनी हात खाली घेतले नाहीत. एकदाही मांडीकडे, खिशाकडे नेले नाहीत. सगळ्या धक्क्यासमोर ते हात नाचत होते आणि भाऊ ओरडत होते, की मी ह्याच लाँचमध्ये होतो, ह्याच, खालच्या केबिनमध्ये, रंग काढून बघा, आत निळी आहे ती.

कुणीतरी हसलं. मग हसणं थांबलं. "अरे, हे तर आपले मखमलभाऊ," असं शिडीवरून कुणी म्हणालं, आणि तो म्हणणारा खाली उतरला. त्याच्यामागून एक बाई पोराला कडेवर घेऊन उतरली. तिकीटवाला तोंडातल्या तोंडात शिव्या देत भाऊंच्या अंगावर आला, छाती पुढे काढून. वहिनी सवयीनं पुढे झाल्या, पदर खोचला, तोंड उघडलं.

"तू थांब," भाऊ मागे न बघता म्हणाले. "मी बोलतोय."

वहिनी थांबल्या. वरच्या मजल्यावरून माणसं एकेक करून खाली येत राहिली.